तीन नंबरच्या मशीनची तारीख

कोल्हार
दि. ७ ऑक्टोबर १९९९, गुरुवार

चि. अश्विनी हिस अनेक आशीर्वाद.

आज माझी साप्ताहिक सुट्टी. सकाळी आठ दहाच्या एस.टी.ने संगमनेरला गेलो. दहा वाजता पोचलो, दीडच्या गाडीने परत निघालो. आईने पिठलं केलं होतं. जेवलो. पाऊस नाही.

संगमनेरला जाण्याचं कारण सम्राटच्या वस्तू. तो ज्या कॉम्प्युटर इन्स्टिट्यूटमध्ये कामाला होता तिथले मालक गहिनीनाथ यांनी मार्चपासून तीन वेळा निरोप पाठवला, की त्याचं सामान पडून आहे, घेऊन जा. मी टाळत होतो. आज गेलो, पण सामान आणलं नाही.

गहिनीनाथ चांगले बोलले. म्हणाले, "आप्पा, त्याच्याच खुर्चीवर बसा. तीन नंबर. पोरांना ते मशीन आवडत नाही, रिकामंच असतं." मी बसलो. त्यांनी चहा मागवला आणि सम्राटने केलेली कामं पडद्यावर दाखवायला सुरुवात केली. दूध संघाचं पान, कॉलेजचं पान, राहात्याच्या एका डाळिंब व्यापाऱ्याचं पान. प्रत्येक पानावर कोपऱ्यात घड्याळ. कुठे आताची वेळ, कुठे परीक्षेला किती दिवस राहिले ते उलटं मोजणारं. गहिनीनाथ म्हणाले, "हा सम्राटचा तुकडा. आम्ही सगळे त्याला तसंच म्हणतो. त्याने एकदाच लिहून ठेवला. आता कुठल्याही पानावर चिकटवायचा आणि वरून फक्त सांगायचं, कुठपर्यंत मोज, रंग कोणता, शेवटी आवाज हवा की नको. बाकी तो तुकडा आपला आपण चालतो."

हे तो मला घरी सांगायचा तेव्हा मी म्हणायचो, भिंतीवर घड्याळ असताना पडद्यावर कशाला? तेव्हा तो हसायचा.

आता जे बघितलं ते सांगतो. पडद्यावरचे आकडे माझ्या अक्षरातले होते. माझा पाच तुला माहीत आहे, खालचं शेपूट मी आत वळवतो. माझा नऊ थोडा आडवा पडतो. दोन वर्षांपूर्वी सम्राटने कारखान्याच्या टाइम ऑफिसमधलं जुनं मस्टर माझ्याकडून रद्दी म्हणून मागून नेलं होतं. त्यातून त्याने शून्यापासून नऊपर्यंत माझे आकडे उचलले आणि घड्याळात घातले. मला सांगितलं नाही. अठ्ठावीस वर्षं मी हजेरीच्या रकान्यात लिहिलेले आकडे तिथे एकामागून एक बदलत होते आणि माझा हात तर चहाच्या कपावर होता.

शेवटी गहिनीनाथ म्हणाले, "एक पान राहिलंय. हे कुठल्याच पानाला जोडलेलं नाही. त्याच्या फोल्डरमध्ये नुसतंच पडलंय. मला वाटलं तुम्हाला ठाऊक असेल."

त्या पानावर नाव नाही, मथळा नाही. पांढऱ्या पानाच्या मध्यभागी फक्त आकडे. २१५९ दिवस, १४ तास, ५१ मिनिटं. सेकंद कमी होत होते.

मी म्हणालो, ठाऊक नाही. परतीच्या गाडीत हिशोब केला. २१५९ दिवस म्हणजे पाच वर्षं अकरा महिने. तेव्हा मी पासष्टचा असेन.

तू जानेवारीपासून घरी आली नाहीस. केडगावच्या पत्त्यावर हे पत्र पोचेल असं धरतो. उत्तर पाठवावंसच असं नाही.

तुझे आप्पा


कोल्हार
दि. २१ ऑक्टोबर १९९९, गुरुवार

चि. अश्विनी हिस आशीर्वाद.

आज पुन्हा संगमनेरला गेलो. सम्राटच्या वस्तू आणल्या. एक स्वेटर, स्टीलचा डबा, फ्लॉपीची पेटी, त्याने स्वतःच्या पगारातून घेतलेले दोन छोटे स्पीकर. डबा आईने घासून मांडणीवर लावला. बाकीचं माळ्यावर ठेवलं.

मशीनपाशी बसलो. ते पान उघडायचं कसं हे मागच्या खेपेला बघून ठेवलं होतं. २१५९ दिवस, १४ तास, ४९ मिनिटं.

मध्ये चौदा दिवस गेले. मी ते मस्टरवर रोज लिहिले आहेत. तिथे मात्र एकही दिवस गेलेला नव्हता. सेकंद कमी होत होते, मिनिटं कमी होत होती, माझ्यासमोर ४९ चे ४८ झाले. म्हणजे ते चालू होतं. पण दिवस तिथेच. मी तासभर बसलो. गहिनीनाथ दुसऱ्या खोलीत शिकवत होते, त्यांना विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी काही तरी सांगितलं असतं, आणि मला तेव्हा ते नको होतं असं वाटतं.

निघताना त्यांनी आणखी एक दाखवलं. परदेशातल्या कुणा माणसाचं पान. सम्राटने तो तुकडा फुकट ठेवला होता, ज्याला हवा त्याने न्यावा. त्या माणसाने आकड्यांसकट नेला. त्याच्या घरी मूल व्हायचं आहे, त्याचे दिवस तो मोजतो आहे, माझ्या अक्षरात. त्याला ते आकडे वाचता तरी येतात का, असं विचारलं. गहिनीनाथ म्हणाले, "नक्षी म्हणून लावले असतील."

आईला एवढंच सांगितलं, की त्याचं घड्याळ अजून चालू आहे. ती भाकरी थापत होती. म्हणाली, "चालू द्या. बंद कराया जाऊ नका." मग पुढची भाकरी तव्यावर टाकली.

सकाळी फाट्यावर मालनबाई भेटल्या. त्यांची चहाची टपरी तिथेच आहे. मला त्याच गाडीत चढताना बघून म्हणाल्या, "आप्पा, ह्याच गाडीनं जाताव व्हय? माझं तर काळीज हालतं हिला बघून. जलमभर ही पाच मिनिटं लेट येनार. कंडक्टरला म्या कायम शिव्या देते. आन त्या दिशी बरी टायमात आली ती! रोजच्यावानी लेट आली असती तर पोरगं आरामात चढलं असतं."

मी तिकीट काढलं. काही बोललो नाही.

सम्राटच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी आई तुला सगळ्यांसमोर तुझ्या फोनवरून जे बोलली, तेव्हाही मी काही बोललो नाही. तूही बोलली नाहीस. तुझी पिशवी उचललीस आणि गेलीस. तुझा फोन तो गेला त्याच्या आदल्या रात्री मालनबाईंच्या टपरीवर आला होता, तू त्याला म्हणालीस, उद्या अकराला संगमनेरच्या स्टँडवर ये, त्यांना भेट, मग आप्पांशी तूच बोल, आणि एक दिवस तरी वेळेवर ये. एवढंच. हे त्याने जेवताना मला हसत सांगितलं होतं. म्हणाला, ताईचा हुकूम आहे. ज्यांना तो भेटणार होता ते स्थळ पुढे गेलं नाही असं नंतर कानावर आलं. त्याचं मला वाईट वाटलं. हे तेव्हाच लिहायला हवं होतं.

तुझे आप्पा


कोल्हार
दि. ४ नोव्हेंबर १९९९, गुरुवार

चि. अश्विनी हिस आशीर्वाद.

आज संगमनेर. गाडी वेळेवर. दहाला पोचलो. पुन्हा २१५९.

या वेळी गहिनीनाथांना विचारलं. ते मोठ्याने हसले, मग माझ्याकडे बघून थांबले. म्हणाले, "आप्पा, चूक माझी. मी तुम्हाला त्या मशीनवर बसवायलाच नको होतं. त्याच्या आतली बॅटरी गेली आहे. बंद केलं की तारीख विसरतं. रोज सकाळी चालू केलं की त्याच्या लेखी एक जानेवारी चौऱ्याण्णव, रात्रीचे बारा. तुकडा बिचारा मशीनला विचारतो, आज तारीख काय, आणि मशीन म्हणेल ते खरं धरून मोजतो."

"मग सम्राट असताना?"

"तो आल्या आल्या तारीख घालायचा. चप्पल काढायच्या आधी तारीख. मी म्हणायचो, अरे बॅटरी आणू, साठ रुपयांची वस्तू. तर म्हणायचा, राहू दे सर, तेवढीच सवय. आता कोण घालणार? पोरांच्या फाइलींवर चौऱ्याण्णव साल पडतं म्हणून ती तिथं बसत नाहीत."

म्हणजे तो गेला त्या बारा जानेवारीपासून त्या मशीनवर रोज तोच एक दिवस उगवतो.

गहिनीनाथांनी मला त्यांच्या स्वतःच्या मशीनवर बसवलं. त्याची तारीख बरोबर असते. तेच पान उघडलं. २६ दिवस, ५ तास, २० मिनिटं.

मी टाइम कीपर आहे. कागद लागला नाही. आज चार नोव्हेंबर, सकाळचे दहा पस्तीस. सव्वीस दिवस म्हणजे तीस नोव्हेंबर. वर पाच तास वीस मिनिटं म्हणजे दुपारी तीन पंचावन्न.

तीस नोव्हेंबरला मी निवृत्त होतो. तुला तारीख आठवत नसेल, घरात कधी कुणी काढली नाही. सम्राटने ती माझ्या सर्व्हिस बुकातून घेतली असणार. संध्याकाळच्या पाळीचा भोंगा हा माझा शेवटचा भोंगा. त्याने तो मोजायला लावला होता.

गहिनीनाथांनी त्या पानाच्या मागचा मजकूर उघडून दाखवला. तिथे तारीख लिहिली होती, पण महिन्याच्या जागी दहा. मी म्हणालो, हा तर ऑक्टोबर. ते म्हणाले, "इथं महिने शून्यापासून मोजतात, आप्पा. जानेवारी म्हणजे शून्य." खाली आवाजाच्या ओळीत एका फाइलचं नाव होतं. ती त्याने कॅसेटवरून भरून घेतली होती. आपल्या कारखान्याचा भोंगा. मोजणी संपली की तो वाजणार. "आत्ता वाजवून दाखवू का? तुम्ही स्पीकर नेलेत, ते आणा पुढच्या वेळी." मी नको म्हणालो.

फाइल कधी केली तेही तिथे लिहिलेलं असतं. अकरा जानेवारी, संध्याकाळी सहा. त्यानंतर तो सातच्या गाडीने घरी आला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला.

पाळी चारला सुटते. तीन पंचावन्नला नाही. तू विचारशील, की त्याने चार का घातले नाहीत. याचं उत्तर मला माहीत आहे. आज लिहिता येत नाही.

तुझे आप्पा


कोल्हार
दि. २७ नोव्हेंबर १९९९, शनिवार

चि. अश्विनी,

आज दोन्ही भोंगे दिले. नवा टाइम कीपर छगन याला चार्ज देणं सुरू आहे. किल्ल्या मोजून दिल्या. दुपारी दही-भात खाल्ला. संध्याकाळी घरी आल्यावर हे पत्र लिहायला बसलो. तीन दिवस राहिले आहेत.

आपला भोंगा खरा नाही. तो पाच मिनिटं आधी वाजतो. ते मी केलं आहे, पंचवीस वर्षांपूर्वी.

तेव्हा आपल्या वस्तीवरची माणसं पायी यायची. आठ वाजले की मी रजिस्टर मिटायचो, तसा हुकूम होता. एक मिनिट उशीर झाला तरी अर्ध्या दिवसाचा खाडा. शेवटून येणारे कोण असायचे हे मला दिसायचं. आपलेच असायचे. म्हणून मी भोंगा दर महिन्याला एक मिनिट अलीकडे घेतला. पाच महिन्यांत पाच मिनिटं झाली, मग थांबलो. रजिस्टर मात्र माझ्या मनगटावरच्या घड्याळाप्रमाणे, बरोबर आठलाच मिटायचो. संध्याकाळचा भोंगाही तेवढाच अलीकडे घेतला, नाही तर दोन्हींचा मेळ बसला नसता. ऑफिसातलं भिंतीवरचं घड्याळ पाच मिनिटं पुढे. सुट्टीच्या दिवशी दुसरा कुणी भोंगा देई तो त्या घड्याळावर. कुणाला कळलं नाही. पंचक्रोशीतली घड्याळं भोंग्यावर लावलेली. रेडिओ चुकतो असं लोक म्हणायचे. एस.टी. रोज पाच मिनिटं लेट येते म्हणायचे. एस.टी. कधीच लेट नव्हती.

सम्राटच्या लक्षात आलं. दहा जानेवारीला, रविवारी, तो ट्रान्झिस्टर घेऊन अंगणात उभा राहिला. मी घरी आलो तर म्हणाला, "आप्पा, तुमचा भोंगा पाच मिनिटं खोटा आहे. मी सगळ्या जगाला वेळ दाखवतो आणि माझ्याच घरची वेळ खोटी?" तो चिडला नव्हता. हसतच म्हणाला. पण मला लागलं. आणि ते खरंही होतं. आता सगळ्यांकडे सायकली आहेत, मोटारसायकली आहेत. पाच मिनिटांची गरज दहा वर्षांपूर्वीच संपली होती. मी सवयीने ठेवली होती.

मी त्याला काही बोललो नाही. दोन दिवस विचार केला. मंगळवारी, बारा जानेवारीला, सकाळी लवकर जाऊन ऑफिसचं घड्याळ पाच मिनिटं मागे घेतलं आणि भोंगा बरोबर आठला दिला. कुणाला सांगितलं नाही. त्यालाही नाही. वाटलं, संध्याकाळी ट्रान्झिस्टर घेऊन उभा राहील तेव्हा त्याचं त्यालाच कळेल.

तो मनगटाला घड्याळ बांधत नव्हता हे तुला माहीत आहे. म्हणायचा, आप्पा असताना घड्याळ कशाला. भोंगा झाला की चहा घ्यायचा, चपला घालायच्या, पाच मिनिटांनी निघायचं. फाट्यावर पोचायला दहा मिनिटं. गाडी आठ दहाला. असं त्याचं तीन वर्षं बसलेलं होतं. त्या दिवशीही त्याने तसंच केलं. भोंगा झाला, चहा घेतला, पाच मिनिटांनी निघाला. फाटा दिसला तेव्हा गाडी सुटत होती. तो पळाला. दाराचा दांडा हाताला लागला, पाय लागला नाही.

तो तुझ्यामुळे पळाला नाही. तुझा निरोप अकराचा होता. पुढच्या गाडीनेही तो अकराच्या आत पोचला असता. त्याला वाटलं, अजून पाच मिनिटं आहेत, कारण ती रोज असायची. ती मी काढून घेतली होती.

मालनबाई म्हणतात, त्या दिवशी गाडी वेळेवर आली. सगळेच तसं म्हणतात. दहा महिने मी ते ऐकतो आहे. तिसऱ्या दिवशी मी कामावर गेलो आणि घड्याळ पुन्हा पाच मिनिटं पुढे केलं. गाडी पुन्हा लेट यायला लागली.

आई तुला बोलली तेव्हा मी शेजारी उभा होतो. एका वाक्याचं काम होतं. तुझ्याकडून कसलीच अपेक्षा नाही. फक्त हे तुला कळलं पाहिजे होतं, आणि त्याची मोजणी संपायच्या आत कळलं पाहिजे होतं.

आप्पा


कोल्हार
दि. १ डिसेंबर १९९९, बुधवार

चि. अश्विनी हिस आशीर्वाद.

सकाळी सहाला उठलो. कामावर जायचं नव्हतं. चहा केला. दोन कप झाला, एक ओतून दिला.

मागचं पत्र मी पोस्टात टाकलं नाही हे तुला एव्हाना कळलं आहे. शनिवारी रात्री ते टेबलावर ठेवून मी झोपलो. सकाळी उठलो तर आई चष्मा लावून वाचत होती. सातवीपर्यंत शिकलेली आहे, सावकाश वाचते. मी भिंतीला टेकून बसलो. पूर्ण वाचून तिने घडी घातली.

म्हणाली, "मला ठावं हुतं."

"काय ठाऊक होतं?"

"भोंगा. रोज भोंग्याला माझी चौथी भाकर तव्यावर आसती. त्या दिशी पाचवी हुती. म्या म्हनलं बी त्याला, आरं आज भोंगा लांबला. तर म्हनला, लांबला न्हाई, तुझाच हात आज लई चालतोय."

मी विचारलं, मग पोरीला का बोललीस? ती पदराने चष्मा पुसत बसली. मग म्हणाली, "कुनाला तरी बोलनं भाग हुतं. समदी तुमच्याकडं बघत हुती, आन तुमचा चेहरा तर आरशावानी. मी गप बसले आसते तर तुमी तितंच सांगितलं आसतं, आन मग तुमी उरला नसता. पोरगी तरनी हाय. वाटलं, ती झेलंल." आणि मग म्हणाली, "तिनं झेललं. पन म्या काय केलं त्ये मला रोज दिसतं."

हे तिने तुला सांगितलं असेल किंवा नसेल. मी ऐकलं तसं लिहिलं. पत्र तिने पिशवीत घातलं, डब्यात चटणी-भाकरी घेतली. सम्राटचा डबा. मी म्हणालो, मीही येतो. तर म्हणाली, "तुमचं मोजायचं राह्यलंय न्हवं? तुमी ऱ्हावा. माझं मला जाऊ द्या." नऊच्या गाडीने एकटी केडगावला निघाली.

रविवार, सोमवार मी एकटा होतो. काल सकाळी मालनबाईंच्या टपरीवर तुझा फोन आला. त्या कारखान्याच्या गेटपर्यंत चालत आल्या आणि निरोप सांगितला. "अश्विनी इचारती, आप्पा शेवटचा भोंगा किती वाजता देनार? एवढंच म्हनली आन ठेवला." दहा महिन्यांत तुझा आलेला हा पहिला शब्द. म्हणून नीट उत्तर देतो.

तीनला ऑफिसात छोटा समारंभ झाला. शाल, नारळ, भिंतीवरचं घड्याळ दिलं. टाइम कीपरला घड्याळ, म्हणून सगळे हसले. मीही हसलो. पावणेचारला मी आणि छगन भोंग्यापाशी गेलो. भिंतीवरच्या घड्याळात चार वाजले तेव्हा माझ्या मनगटावर तीन पंचावन्न झाले होते. माझा हात दांडीवर होता.

छगन म्हणाला, "आप्पा, चार झाले."

मी म्हणालो, "थांब."

पाच मिनिटं फार असतात, अश्विनी. मी कधी मोजली नव्हती. यार्डातली माणसं हात धुऊन उभी राहिली आणि वर बघू लागली. उसाच्या गव्हाणीवरून कुणी तरी ओरडलं, "आप्पा झोपले काय वो शेवटच्या दिशी?" सगळे हसले. वस्तीवरची कुत्री तुला आठवत असतील, भोंग्याबरोबर तोंड वर करून रडतात. ती रडायला लागली. भोंगा दिलेला नव्हता, तरी ती रडायला लागली, सगळी एकदम, उत्तरेकडे तोंड करून, आणि रोज जेवढा वेळ रडतात तेवढा वेळ रडून थांबली. छगन माझ्याकडे बघायला लागला. मी घड्याळाकडे बघत होतो. तीन पंचावन्न होऊन गेले होते.

चारला, बरोबर चारला, मी भोंगा दिला. त्या वेळी कुत्री गप्प होती.

मग छगनला सगळं सांगितलं. पाच मिनिटांचं सांगितलं, का केलं ते सांगितलं, बारा जानेवारीचंही सांगितलं. म्हणालो, उद्यापासून काय करायचं ते तू ठरव, पण जे करशील ते आधी फळ्यावर लिही, चार दिवस राहू दे, मगच कर. त्याने मान डोलावली. त्याचे डोळे भरले होते.

आज आठ दहाच्या गाडीने संगमनेरला गेलो. गहिनीनाथ दारातच भेटले. त्यांनी नीट दाढी केली नव्हती. म्हणाले, "काल तुमचीच आठवण काढत होतो. साडेतीनपासून ते पान माझ्या मशीनवर उघडून बसलो. म्हटलं कुणी तरी असावं. तीन पंचावन्नला सगळे शून्य झाले." मग थांबले. "आणि भोंगा झाला, आप्पा."

मी म्हणालो, कुणाच्या तरी मशीनला स्पीकर असेल.

"इन्स्टिट्यूटमध्ये स्पीकर दोनच होते. ते तुम्ही नेलेत. माझ्या मशीनच्या पोटातला नुसता टूं करतो." त्यांनी बोटाने दाखवलं. "आवाज त्या कोपऱ्यातून आला. पोरांनी पण ऐकला. ते मशीन कालपण चौऱ्याण्णव सालात होतं, त्याच्यावर कुणी बसलेलंसुद्धा नव्हतं. पडदा काळा होता."

स्पीकर आपल्या माळ्यावर आहेत. निघायच्या आधीच बघितले होते. वायर गुंडाळलेली, जशी मी ठेवली तशी.

गहिनीनाथांनी विचारलं, याचं काय समजायचं? मी सांगितलं, मला माहीत नाही. खरंच माहीत नाही. एवढंच कळतं, की त्याने ते पान केलं त्या संध्याकाळी माझी पाच मिनिटं मान्य करून टाकली होती. का ठेवली होती ते आईने त्याला रविवारी रात्री सांगितलं असावं, आता तूच तिला विचार. आणि मी त्याचे खरे आठ मान्य केले, ते दुसऱ्या सकाळी. दोघांनीही एकमेकांना सांगितलं नाही. आपल्या घरात ती रीत माझ्यापासून आहे.

म्हणून तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं, की मी चारला दिला आणि त्याने तीन पंचावन्नला.

आई तिथे राहील तितके दिवस राहू दे. परत कधी यायचं ते तुम्ही दोघी ठरवा. मी मागे लागणार नाही. भाकरी मला येते.

गहिनीनाथ पोरांना शिकवायला आतल्या खोलीत गेले. मी तीन नंबरच्या खुर्चीपाशी चपला काढायला वाकलो, मग न काढताच बसलो. बटण दाबलं. मशीन बराच वेळ गुरगुरलं. पडद्यावर एक जानेवारी चौऱ्याण्णव आलं. तारीख कुठे घालायची ते मागच्या वेळी त्यांच्याकडून विचारून घेतलं होतं. एका बोटाने एक, बारा, नव्याण्णव घातलं. मग मनगटावरचं घड्याळ बघून वेळ घातली, दहा वाजून चोवीस मिनिटं.